घरच्या घरी विमान: किट बांधायला घेणाऱ्या कुटुंबासाठी

रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे कायमचे जोडणारा धातूचा बिनआट्यांचा खिळा, मारायला दोन माणसं लागतात. एकजण पत्र्याच्या बाहेरून रिव्हेट गन टेकवतो, दुसरा आतल्या बाजूने पोलादाचा गुळगुळीत ठोकळा, म्हणजे बकिंग बार, रिव्हेटच्या टोकावर दाबून धरतो. बहुतेक वेळा दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. कानात बोळे, त्यावर इअरमफ. म्हणून बोलणं टकटकीवर चालतं. आमच्याकडे एक टकटक म्हणजे ‘बार लावलाय, मार’, दोन म्हणजे ‘थांब, बघते’, आणि तीन म्हणजे ‘बिघडलं’. पुढे पुढे मुलं घरातही याच भाषेत भांडायला लागली.

पत्र्याच्या दोन आसनी विमानात असे दहा-पंधरा हजार रिव्हेट असू शकतात. म्हणजे हजारो वेळा दुसरं माणूस हवं. ‘हा माझा छंद, तुम्ही अधूनमधून हात लावा’ असं म्हणून किट, म्हणजे विमानाच्या सुट्या भागांची खोकी, घरी आणणाऱ्याचं काम बहुतेक पहिल्या पंखाशीच अडतं. घरातलं दुसरं माणूस मदतनीस नाही, भागीदार आहे, हे खोकं उघडायच्या आधी ठरलं पाहिजे. पुढचं सगळं हे धरूनच लिहिलंय.

कागद आधी, पत्रा नंतर

किट मागवण्यापूर्वी आपल्या देशाच्या विमान वाहतूक नियामकाचे नियम वाचा. ते देशोदेशी वेगळे असतात. अमेरिकेत एफएए या नियामकाचा नियम ‘५१ टक्के’ या नावाने ओळखला जातो. विमानाचा अर्ध्याहून जास्त भाग हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी, बनवलेला आणि जोडलेला असायला हवा. हा हिशेब पैशांचा नाही आणि तासांचाही नाही, कामांचा आहे. भाग घडवणं, बसवणं, जोडणं अशा कामांची यादी असते. त्यातली निम्म्याहून जास्त कामं तुमच्या हातची हवीत. इंजिन, रेडिओ, गाद्या, रंग यात धरत नाहीत, ते खुशाल बाहेरून करून घ्या. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा निरीक्षक टप्प्याटप्प्याने येऊन काम बघतो आणि सही करतो. त्याने आत डोकावण्यापूर्वी पंखाचा पत्रा बंद करून टाकलात, तर तो पुन्हा उघडायची पाळी येऊ शकते.

कुटुंबाने बांधताना एक बारकी गोष्ट लक्षात ठेवायची. अमेरिकेत विमान बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. चौघांनी मिळून बांधलं तरी ते एकाच्याच नावावर मिळतं. कोणाच्या, हे आधी ठरवा. शेवटी ठरवायला गेलात तर ‘जास्त काम कोणी केलं’ हा वाद निघतो, आणि त्या वादात कोणी जिंकत नाही.

काम तुम्हीच केलं हे दाखवायला नोंदवही लागते: तारीख, तास, काय केलं, आणि फोटो. फोटोत नुसता भाग नको, हातात हत्यार धरलेलं माणूसही दिसू द्या. हे काम आमच्या थोरल्याकडे होतं. सुरुवातीचे निम्मे फोटो त्याच्या बोटाचे आहेत, पण तारखा एकूण एक बरोबर.

कोणतं किट घ्यावं

चार मुख्य जाती आहेत: ॲल्युमिनियमचा पत्रा, स्टीलच्या नळ्यांवर कापड, लाकूड आणि काँपोझिट.

पत्र्याच्या किटांत सर्वांत जास्त संख्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेची आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं आरव्ही-३ हे विमान १९७१ मध्ये उडालं आणि त्यानंतर या मालिकेची अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत. आता भोकं यंत्रावर पाडलेली येतात. दोन पत्र्यांची भोकं जुळली की भाग आपोआप सरळ रेषेत येतो. पूर्वी लाकडी साचे उभे करून त्यात पंख ताणून बसवावे लागत, तो व्याप बराच कमी झाला. झेनिथ आणि सोनेक्स यांच्या किटांत पुल रिव्हेट असतात. ते एका बाजूने ओढून बसतात, बकिंग बार लागत नाही, आणि म्हणून एकटा माणूसही काम पुढे नेऊ शकतो. किटफॉक्ससारख्या किटात सांगाड्याच्या नळ्या वेल्डिंग होऊन येतात. त्यावर पॉलिएस्टरचं कापड चिकटवून तापमान मोजलेल्या इस्त्रीने ताणायचं असतं. काँपोझिटचा रस्ता बर्ट रुटान यांच्या व्हॅरीइझीने रुंद केला. ते १९७५ मध्ये उडालं. फोमचा गाभा, त्यावर काचतंतूंचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे कालवून लावायची, वाळून कडक होणारी राळ.

मुलं असलेल्या घरासाठी मी पत्र्याच्या बाजूने आहे. कारण साधं आहे: पत्रा वाट बघतो. दार वाजलं, कोणी पडलं, परीक्षा आली, तर हातातलं हत्यार ठेवून उठता येतं आणि आठ दिवसांनी त्याच भोकापासून सुरू करता येतं. इपॉक्सी एकदा कालवली की ती घरातल्या कोणासाठी थांबत नाही. शिवाय पत्र्यातली चूक डोळ्यांना दिसते. इपॉक्सीच्या थरात अडकलेला हवेचा बुडबुडा शोधायला नजर तयार व्हावी लागते, आणि काहींच्या कातडीला इपॉक्सीची कायमची ॲलर्जी जडते. लाकडाबद्दल मी फार बोलणार नाही. ते काम सुंदर असतं, पण माझ्या हातचं नाही.

एकदा किट निवडलं की रचनेत बदल करायचा नाही. ‘शेपूट जरा लांब केली तर?’ हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो. १९३३ मध्ये फ्रान्सच्या हेन्री मिन्ये यांनी ‘उडती पिसू’ म्हणून प्रसिद्ध झालेलं छोटं विमान आणलं. घरोघरी लोकांनी ते बांधायला घेतलं. मग जीवघेणे अपघात झाले, आणि १९३६ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात घेतलेल्या चाचण्यांत दिसलं की एका मर्यादेपलीकडे नाक खाली गेलं की ते पुन्हा वर काढता येत नाही. मिन्ये काही अडाणी नव्हते. पुढच्या आणि मागच्या पंखांमधल्या हवेचा खेळ बाहेरून दिसत नाही, एवढंच. किटची रचना आधी उडवून, मोजून झालेली असते, आपण त्याच भरवशाचे पैसे देतो. कप होल्डर हवा तिथे लावा. पंखाला हात नको.

आणि पैसे भरण्याआधी तयार झालेल्या विमानात बसून बघा. घरातली दोन्ही मोठी माणसं, शेजारी शेजारी, दार बंद करून. खांद्याला खांदा किती घासतो हे चित्रात दिसत नाही. बांधणारे लोक शोधायला अवघड नसतात: एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही त्यांची संघटना १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केली आणि तिचा उन्हाळी मेळा अमेरिकेत ऑशकॉश इथे भरतो. तिथवर जायलाच हवं असं नाही. जवळपास कोणी बांधत असेल तर एक सुट्टीचा दिवस त्याच्याकडे पत्रे धरायला जा. तो नाही म्हणणार नाही. त्याला माणूस हवंच असतं.

जागा आणि तास

दोन गाड्यांचं गॅरेज पुरतं. एका गाडीच्या जागेतही होतं, फक्त पंख भिंतीला टांगून ठेवावे लागतात. जागा मोजताना दार मोजायला विसरू नका. तळघरात बांधलेलं विमान बाहेर काढायला भिंत फोडावी लागल्याचे किस्से बांधणारे एकमेकांना हसत हसत सांगतात, पण सांगून झाल्यावर प्रत्येकजण गुपचूप टेप घेऊन आपलं दार पुन्हा मोजतो.

तासांचा अंदाज किटनुसार बदलतो. पुल रिव्हेटचं सोपं किट पाचशे ते हजार तासांत होऊ शकतं. ठोकायच्या रिव्हेटचं, वेगवान विमानाचं किट पंधराशे ते अडीच हजार घेतं. आता बेरीज करा. आठवड्याला दहा तास म्हणजे वर्षाला पाचशे. अठराशे तासांचं विमान साडेतीन वर्षांचं झालं. आज नऊ वर्षांचं असलेलं मूल तेव्हा साडेबारा वर्षांचं असेल आणि कदाचित त्याला तुमच्याबरोबर फोटोत यायची लाज वाटत असेल. किट निवडताना हा हिशेबही धरा. काही कंपन्या ‘क्विक बिल्ड’ म्हणजे बरंच काम करून दिलेलं किट देतात. पैसा जास्त जातो, पण घरात मुलं मोठी होत असतील तर मी त्याला आळस म्हणणार नाही. फक्त ते किट ५१ टक्क्यांच्या नियमात बसतं ना, एवढं बघा.

रोज थोडं काम केलं तर विमान पूर्ण होतं. आम्ही सुट्टीच्या दिवशी दहा तास आणि एरवी शून्य असं करून बघितलं. प्रत्येक वेळी पहिला तास ‘मागच्या वेळी कुठे थांबलो होतो’ यातच गेला. मग नियम केला: रोज रात्री निदान एक गोष्ट. काही नाही तर उद्याचे रिव्हेट मोजून वाटीत काढून ठेवायचे. थांबताना पुढची पायरी खडूने टेबलावर लिहायची.

हत्यारं

कंप्रेसर, रिव्हेट गन, तीन-चार आकारांचे बकिंग बार, हवेवर चालणारी ड्रिल, रिव्हेट दाबायचा स्क्वीझर, भोकाच्या कडेला खळगी पाडायचे डिंपल डाय, कानशी, बर, म्हणजे भोकाच्या कडेला उठलेली धार, काढायची हत्यारं, किती जोराने आवळलं ते मोजणारा टॉर्क पान्हा. आणि क्लेको, शेकड्यांनी. क्लेको म्हणजे स्प्रिंगचा तात्पुरता खिळा. खास पकडीने दाबून भोकात सोडला की दोन पत्रे घट्ट धरून ठेवतो. रंगावरून माप कळतं: चंदेरी ३/३२ इंचाचा, तांब्याच्या रंगाचा १/८, काळा ५/३२. लहान मुलांना हे रंग मोठ्यांपेक्षा लवकर पाठ होतात. बहुतेक हत्यारं काम संपलेल्या माणसाकडून जुनी मिळतात आणि तुमचं काम संपलं की पुढच्याला देता येतात.

इअरमफ आणि चष्मे माणशी एक, शिवाय पाहुण्यांसाठी दोन जास्तीचे. गॅरेजच्या दारालाच टांगा. गन चालू असताना आत डोकावणाऱ्यालाही ते घालायला लावा, मग तो कोणी का असेना.

खोकी उघडण्याचा दिवस

हा दिवस सणासारखा वाटतो, पण हे काम वाण्याच्या यादीसारखं करा. यादी एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने भाग शोधून दाखवायचा, तिसऱ्याने खूण करायची. हजारो बारीकसारीक वस्तू असतात आणि कमी पडलेली वस्तू कळवायला कंपनीची मुदत असते. नट, बोल्ट, वॉशर, रिव्हेट झाकणाच्या डब्यांत घालून वर नाव चिकटवा.

नावं वाचायला सगळ्यांना शिकवा. एएन ४७० एडी ४-५ हे दिसायला सरकारी फायलीसारखं आहे, पण सोपं आहे. ४७० म्हणजे पत्र्यावर उठून राहणाऱ्या फुगीर डोक्याचा रिव्हेट. ४२६ असेल तर पत्र्यात सपाट बसणारा. एडी हा मिश्रधातू. त्याच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो, तीच ओळख. ४ म्हणजे इंचाचे ४/३२, म्हणजे १/८ इंच जाडी. ५ म्हणजे ५/१६ इंच लांबी. आमची धाकटी सात वर्षांची असताना हे सांगून पाहुण्यांना गार करायची.

सराव, मग शेपटी

बहुतेक कंपन्या सरावाचं छोटं किट देतात. ते घ्या, आणि घरातल्या प्रत्येकाने गनही धरायची, बारही धरायचा. कोणाचा हात कशाला बसतो हे आधी सांगता येत नाही. आमच्याकडे मी गनवर आणि नवरा आत बार घेऊन, असं ठरलं. त्याचे हात लांब आहेत आणि माझ्याकडे धीर आहे, असं माझं म्हणणं. त्याचं वेगळं आहे.

रिव्हेट कसा बसतो ते जवळून बघा. दोन्ही पत्र्यांतून आरपार गेल्यावर त्याचं टोक जाडीच्या दीडपट बाहेर यायला हवं. १/८ इंच म्हणजे साधारण ३.२ मिलिमीटर, म्हणजे बाहेर ४.८ मिलिमीटर. गनने ठोके दिले की हे टोक चेपून त्याचं बुटकं पिंप होतं. ते पिंप रुंदीला जाडीच्या दीडपट आणि उंचीला निम्मं असलं की झालं: ४.८ रुंद, १.६ उंच. हे मोजायचं छोटं माप मिळतं; पहिल्या महिन्यात प्रत्येक रिव्हेटला लावा, नंतर डोळाच सांगतो. बार तिरका धरला तर पिंप एका बाजूला कलतं. गन सरकली तर पत्र्यावर चंद्रकोर उमटते, आणि ती चंद्रकोर विमान असेपर्यंत तुमच्याकडे बघत राहते.

बिघडलेला रिव्हेट काढता येतो. डोक्याच्या बरोबर मध्यावर, डोक्याच्या खोलीइतकंच ड्रिल करायचं, मग भोकात पंच घालून डोकं तोडायचं आणि उरलेला दांडा हलक्या हाताने बाहेर ठोकायचा. वाचायला सोपं आहे. नवशिक्या हाताकडून ड्रिल सरकते, भोक लांबट होतं, आणि मग तिथे जाडा रिव्हेट घालावा लागतो. म्हणून किंचित कमी-जास्त बसलेला रिव्हेट तसाच राहू देणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. कोणता राहू द्यायचा आणि कोणता काढायचा, हे पहिल्या काही वेळा अनुभवी माणसाला दाखवून ठरवा.

रिव्हेटच्या आधीचं काम मात्र कोणी कौतुकाने सांगत नाही: बर काढणं. ड्रिल केलेल्या भोकाच्या कडेला धातूची बारीक धार उठते. ती काढली नाही तर दोन पत्रे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, आणि पत्र्याच्या कापलेल्या कडेवरचा ओरखडा पुढे तडा होऊ शकतो. प्रत्येक भोक, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक कड, आधी कानस, मग पॉलिश पेपर. नख फिरवून अडकत नाही ना बघायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण रेडिओ लावून चौघं एका टेबलाभोवती बसली की त्यात गप्पा रंगतात. आमच्या घरातली काही महत्त्वाची बोलणी भोकांचे बर काढतानाच झाली आहेत. हात गुंतलेले असले की मुलं जास्त बोलतात.

बांधणी शेपटीपासून सुरू करतात. ते भाग लहान असतात, चूक स्वस्तात पडते. आमची पडली. एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारे शेपटीचे हलते भाग, दोन असतात, डावा आणि उजवा. आम्ही डावा छान बांधला. महिन्याने दुसरा बांधला, तोही छान. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि धाकटी म्हणाली, “हे दोन्ही सारखेच आहेत.” नवरा म्हणाला, “हो ना, किती सारखे झालेत!” ती म्हणाली, “नाही, सारखेच.” दोन्ही डावे होते. हातातला नकाशा डाव्याचा, आणि दुसऱ्या वेळी तो मनात उलटा करायचा राहिला. रिव्हेट काढत बसलो, तरी एक पत्रा नवीन मागवावा लागला.

त्यानंतरचा नियम: नकाशा वाचणारं माणूस वेगळं, भाग हातात असलेलं वेगळं. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचायचं, करणाऱ्याने भागावर बोट ठेवून तेच परत म्हणायचं, मगच ड्रिल. नकाशावर न चुकता ‘पुढे’, ‘वर’, ‘डावा’ असं मार्करने लिहायचं, आणि भागावरही. पत्र्यावर पेन्सिल वापरायची नाही. तिच्यातलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला गंजवतं.

मुलांच्या हाती काय द्यावं

मोजणं, शोधणं, नावं चिकटवणं, क्लेको लावणं-काढणं, बर काढणं, यादी वाचणं: सात-आठ वर्षांपासून. पुल रिव्हेट आणि हाताने दाबायचा स्क्वीझर: मूठ पुरली की. गन: बारा-तेराला, शेजारी उभं राहून. टाक्यांचा सीलंट, सॉल्व्हंट, इपॉक्सी आणि फवाऱ्याचा रंग मुलांसाठी नाही. दोन भागांच्या चकचकीत रंगांत आयसोसायनेट नावाची, श्वासाला घातक रसायनं असतात. साधा मास्क त्यांना पुरत नाही. ते काम बाहेर द्या, नाहीतर बाहेरची हवा पुरवणारा मास्क लावून मोठ्यांनीच करा.

मुलांच्या चुका मुलांसमोर दुरुस्त करा, आणि मोठ्यांच्याही. रात्री ती झोपल्यावर गुपचूप रिव्हेट बदललात तर सकाळी कळतंच.

पंख आणि टाक्या

पंख म्हणजे शेपटीचंच काम, फक्त लांब. टाकीशी मात्र वेळ काढा. इंधनाची टाकी बहुधा पंखातच असते आणि तिचे सांधे राखाडी, दोन भागांच्या सीलंटने बंद करतात. तो डांबरासारखा चिकट, वासाने नकोसा, आणि लागेल तिथे राहणारा असतो. जुने कपडे घाला, हातमोज्यांचे तीन-चार जोड जवळ ठेवा, कालवल्याची वेळ भिंतीवर लिहा.

गळती तपासायला फुगा. सगळी तोंडं बंद करायची, एका तोंडाला फुगा बांधायचा, हलकेच हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. दाब फुग्यापुरताच ठेवा. कंप्रेसर लावून टाकी फुगवून बिघडवणारे आहेत. संध्याकाळी फुगा मलूल दिसला तर लगेच रडू नका. हवा गार झाली की तो आपोआप लहान होतो. सकाळी त्याच तापमानाला पुन्हा बघा.

बोल्टांबद्दल एकच गोष्ट, पण ती रोज. ३/१६ इंचाच्या एएन ३ बोल्टाला टॉर्क लागतो २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास. हाताला हे ढिलं वाटतं. गाड्यांची कामं केलेली माणसं इथे हमखास जास्त आवळतात. पान्ह्याने मोजून आवळा आणि लगेच नटावर रंगाची रेघ ओढा. रेघ नाही म्हणजे आवळलेला नाही, असंच धरायचं. ‘मला वाटतं मी आवळला होता’ हे वाक्य गॅरेजमध्ये चालत नाही.

इंजिन आणि तारा

इंजिन आणि उपकरणं शेवटी मागवा. इंजिन नुसतं पडून राहिलं की आतून गंजतं आणि हमीची मुदतही सरत जाते. स्क्रीनची उपकरणं दोन वर्षांत जुनी होतात. हलक्या किटांत रोटॅक्स ९१२ दिसतं, ८० किंवा १०० अश्वशक्तीचं. जडांत लायकमिंग, १६० ते १८०. किटला जे सांगितलंय तेच बसवा.

इंधन पुरेसं येतं का ते बादलीत मोजा. गुरुत्वाने इंधन येत असेल तर उड्डाणाच्या वेळच्या खपाच्या दीडपट प्रवाह हवा, पंपाने येत असेल तर सव्वापट. १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स पूर्ण जोरावर तासाला साधारण २७ लिटर पितं. दीडपट म्हणजे ४०, म्हणजे तीन मिनिटांत दोन लिटर. विमानाचं नाक चढणीच्या कोनात उचलून, टाकीत अगदी थोडं इंधन ठेवून मोजायचं. सपाट जमिनीवर, भरल्या टाकीने मोजलात तर आकडा छानच येईल आणि खोटा असेल. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दोन कारणं बाकीच्यांच्या खूप पुढे होती: इंजिनाचा जोर जाणं आणि हवेत ताबा सुटणं. बादलीची ही चाचणी पहिल्या कारणासाठी आहे.

आणि नवं लायकमिंग पाहुण्यांना दाखवायला जमिनीवर चालवत बसू नका. कमी जोरावर जास्त वेळ चालवलं तर पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत.

वजन

विमान सपाट पातळीत ठेवून तिन्ही चाकांखाली काटे लावायचे. समजा, ठरवलेल्या शून्यरेषेपासून पुढचं चाक १ मीटरवर आहे आणि त्यावर १२० किलो आले. मागची दोन चाकं २.४ मीटरवर, दोन्ही मिळून ३६० किलो. १२० गुणिले १ म्हणजे १२०. ३६० गुणिले २.४ म्हणजे ८६४. बेरीज ९८४, भागिले ४८० म्हणजे २.०५ मीटर. हा रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य. मग त्यात माणसं, इंधन, सामान घालून पुन्हा. मर्यादेच्या मागे गेला तर विमान सांभाळता येत नाही, तिथे तडजोड नाही. हे गणित आमच्या थोरल्याने वहीत केलं, मी वेगळं केलं, आणि उत्तरं जुळेपर्यंत कोणी जेवलं नाही.

पहिलं उड्डाण

पहिल्या उड्डाणाला विमानात एकच माणूस. बांधणाऱ्यानेच उडवावं असं काही नाही. ज्याने याच जातीचं विमान अलीकडे उडवलंय त्याने उडवावं. आणि स्वतः उडवायचं असेल तर आधी त्याच जातीच्या विमानात प्रशिक्षण घ्या. दोन-तीन वर्षं गॅरेजमध्ये घालवलेल्या माणसाचा उडायचा हात बहुधा गंजलेला असतो. जमिनीवर सावकाश चालवून ब्रेक, सुकाणू, तापमान बघा. वेगाने पळवून बघायच्या मोहात पडू नका, नकळत चाकं जमीन सोडतात आणि तयारी नसताना हवेत असता.

तारीख कोणाला सांगू नका. जमलेली माणसं बघून ‘आज वारा जास्त आहे, नको’ म्हणणं कठीण जातं. धावपट्टीवर घरची माणसं, आग विझवायचं नळकांडं, फोन. एवढंच.

अमेरिकेत त्यानंतर चाचणीचा काळ असतो: इंजिन आणि पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) प्रमाणित जोडीचे असतील तर साधारण २५ तास, नसतील तर ४०. या काळात प्रवासी चालत नाहीत. मुलांना हे खूप लांब वाटतं. आमच्या मुलांनी फळ्यावर ४० चौकोन काढले आणि एकेक रंगवत गेली. पहिली फेरी कोणाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. धाकटीने चिठ्ठ्या आपणच केल्या होत्या. सगळ्यांवर तिचंच नाव निघालं.

आता दर बारा महिन्यांनी तपासणी असते. झाकणं उघडायची, आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक बोल्टाची रंगाची रेघ बघायची. शेपटीकडच्या निमुळत्या नळीत शेवटच्या कप्प्यापर्यंत जाऊन बार धरायचं काम बांधताना धाकटीचं होतं, कारण तिथे फक्त तीच मावायची. गेल्या तपासणीला ती सवयीने आत शिरली, कमरेपाशी अडकली, आणि आतून तीन टकटक आल्या.